मी बरी आहे

३ जून

आले एकदाची. सेमारांगहून साडेचार तास बस, मग वोनोसोबोच्या बाजारातून रिकाम्या गोण्यांवर बसून टेम्पोने वर, कालिसुरेनला. घरमालकीण बू तुमिराह यांनी मागच्या अंगणातल्या दोन खोल्या दिल्यात. एक निजायची, एक कामाची, पलीकडे न्हाणी. दुपारी तीनला स्वेटर घालावा लागतो, आणि चार वाजता धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. मला फार आवडलं.

बूंनी आंबवलेल्या सोयाबीनची, तेंपेची गरम भजी पुढे ठेवली आणि विचारलं, की एकटी पोरगी कॉम्प्युटर घेऊन डोंगरात काय करणार, बटाट्यांना शिकवणार का?

मी त्यांना माझं ॲप, ‘वारास’, म्हणजे ठणठणीत, समजावलं. इथल्या घरोघरची मुलं तैवानला कामाला गेलेली, मागे म्हातारी माणसं एकेकटी. त्यांनी रोज सकाळी फोनवरचं मोठं हिरवं बटण दाबायचं: मी बरी आहे, मी बरा आहे. मुलांना निरोप जातो. सातपर्यंत बटण दाबलं गेलं नाही तर शेजाऱ्याला निरोप, की जाऊन बघा. एवढंच.

हाताशी पैसा नाही, म्हणून सगळं फुकटातलं. नावांची यादी फुकटच्या तक्त्यात, बटणाचं चित्र फुकट, गावच्या कचेरीच्या व्हरांड्यात इंटरनेट फुकट. सर्व्हरही फुकटचा. पंधरा मिनिटं कुणी विचारलं नाही की झोपतो, आणि जागं व्हायला अर्धं मिनिट घेतो. गालिहने आणि मी मिळून हे सुरू केलं होतं. मार्चमध्ये त्याने सुराबायाला नोकरी धरली. म्हणाला, तू हट्टी आहेस आणि मी दमलोय. राग नाही. पण आज पोचल्याचं त्याला कळवलं, त्याचं उत्तर नाही.

९ जून

पहिलं नाव लागलं. म्बाह कार्सियेम, गावाची आजी, वय एकोणऐंशी. मुलगा सुगेंग तैवानला कारखान्यात. घर गावाच्या वरच्या टोकाला, पायऱ्या चढून धाप लागते. त्या मात्र त्याच पायऱ्यांवरून लाकडं घेऊन येतात.

बटण दाबायला शिकवायला तासभर गेला. पहिल्यांदा इतक्या जोरात दाबलं, की मी फोन धरून ठेवला. मग म्हणाल्या, “न्दुक, पोरी, नवरा केला असतास तर त्याने रोज विचारलं असतं बरी आहेस का. तू तर मशीन बनवलंस.” मी म्हटलं, नवऱ्याचा भरवसा नाही म्हणून मशीन. त्या इतक्या हसल्या, की खोकला आला. निघताना उकडलेले चार बटाटे पदरात टाकले.

२१ जून

अकरा माणसं. आज सातला वागिमान आजोबांचं बटण आलं नाही. शेजारीण धावली, ते न्हाणीत पडलेले सापडले. पाय मुरगळला होता, बाकी ठीक. संध्याकाळी गावच्या कचेरीत सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मुखियांनी कचेरीच्या यंत्रावर पत्रकं छापून दिली, फुकट.

घरी आल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. गालिहला तीनदा फोन केला. मग बूंना सांगायला गेले, तर त्या झोपल्या होत्या.

२ जुलै

त्रेसष्ट. तैवानमधल्या कामगारांच्या गटात सुगेंगने माझं पत्रक टाकलं आणि तिथून दोन शेजारच्या गावांतली नावं आली. जाहिरातीवर एक कवडीही न टाकता. मी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या निरोपाला उत्तर देत असते, पण मला स्वतःला कुणी काही विचारत नाही. जेवताना मी पडद्यावरची नावं वाचते.

आज चौसष्टावं नाव माझंच घातलं. निरोप कुणाला जावा, त्या जागी बूंचं नाव लिहायला हवं होतं. गालिहचं लिहिलं. सकाळी एकदा तरी त्याच्या फोनवर माझं नाव उमटेल.

१४ जुलै

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सुगेंगचा निरोप. आईचं बटण रोज पाच दहाला येतं, आजही आलं, पण रविवारी तिने फोन उचलला नाही, मागच्या रविवारीही नाही. बहिरी होत चाललीय बहुतेक, जमलं तर बघ. मी पायऱ्या चढून गेले. दार आतून लावलेलं. वास आला. बूंना आणि आणखी दोघांना बोलावलं, त्यांनी कडी तोडली.

आरोग्य केंद्राची नर्स म्हणाली, नऊ दिवस तरी झाले असतील.

नऊ दिवस. आणि आज पाच दहाला बटण आलं होतं.

१५ जुलै

दफन झालं. सुगेंगला सुट्टी मिळाली नाही, त्याने सगळं फोनवरून पाहिलं. माझ्याशी एकच वाक्य बोलला, की मी रोज ‘मी बरी आहे’ वाचून कामावर जात होतो.

बूंनी परतताना माझ्याकडे न बघता सांगितलं, “आधी आम्ही सकाळी तिच्या चुलीचा धूर बघायचो. धूर दिसला नाही की कुणीतरी वर जायचं. तू आलीस, मग आम्ही वर बघणंच सोडलं.”

घरी येऊन नोंदी पुन्हा उघडल्या.

कालपासून चूक शोधतेय. एखादं जुनं बटण पुन्हा पुन्हा जात असेल, असं वाटलं होतं. तसं नाही. रोजची नोंद नवी आहे, म्बाह यांच्याच फोनवरून आलेली. तो फोन गादीखाली सापडला, बॅटरी संपलेला. आणखी एक गोष्ट. सर्व्हर पाच दहाच्या आधी अर्धं मिनिट जागा होतो. रोज. कुणीतरी आधी हाक मारतं, मग थांबतं, मग दाबतं.

१६ जुलै

काल म्बाह कार्सियेम यांचं नाव यादीतून पुसलं.

५.१० कार्सियेम. मी बरी आहे.

यादीत नाव नाही. तरीही.

१७ जुलै

सगळ्यांच्या मुलांना कळवलं, की वारासवर विश्वास ठेवू नका, घरी माणूस पाठवा. काहींनी शिव्या दिल्या. बहुतेकांनी पाठवला. खालच्या गावात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतच गेलेले सापडले. चार दिवस. त्यांचंही बटण रोज येत होतं, पाच वीसला.

वागिमान यांच्याकडे मी स्वतः गेले. ते ओट्यावर बसून ऊन घेत होते. मी त्यांचा हात धरून बसले आणि सोडवेना. त्यांनी विचारलं, की तुला कुणी रागावलं का?

१८ जुलै

बंद केलं. सर्व्हर पुसला, तक्ता पुसला, सगळं. सहा महिन्यांचं काम, पाच मिनिटं लागली. फुकटचं होतं, कुणी कारणही विचारलं नाही.

बू दुपारी मागेलांगला गेल्या, मुलीचं बाळंतपण आहे. मला सोबत चल म्हणाल्या नाहीत. पण वरच्या आळीतल्या बू सातियाहना सांगून गेल्या, की शेतावर जाताना रोज सकाळी या पोरीकडे डोकावत जा.

१९ जुलै

५.१० कार्सियेम. मी बरी आहे.
५.२० खालच्या गावचे ते. मी बरा आहे.

माझ्या फोनवर हे कुठून येतंय? सर्व्हरवर काही उरलेलंच नाही.

ताप आहे. घसा बसलाय.

२० जुलै

गालिहने फोन उचलला. पहिल्यांदाच. मी रडायला लागले, तर तो गोंधळला. म्हणाला, अगं, पण तुझं तर छान चाललंय ना? रोज पाच चाळीसला तुझा निरोप येतो. म्हणून तर मी फोन केला नाही. म्हटलं, कामात असेल.

मी बारा तारखेपासून बटण दाबलेलं नाही.

त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, तुला झोपेची गरज आहे. आवाज जेमतेम फुटत होता माझा, त्याला किती कळलं कोण जाणे. उद्या बोलू म्हणाला.

२१ जुलै

५.४० वेनिंग. मी बरी आहे.

माझ्या फोनवर, माझ्याच नावाने. मी अंथरुणात होते. फोन टेबलावर, हाताच्या पलीकडे.

फोन बंद करून अंगणातल्या हौदात टाकला.

२२ जुलै

न्हाणीत पाय घसरला. डावा खुबा — हलवता येत नाही. सरपटत दारापर्यंत आले, कामाच्या खोलीत. वही खाली पडलेली होती. उजेड आहे. सकाळच आहे, बहुतेक सहा.

हाक मारली. घशातून फक्त हवा येते.

थंडी — फरशी फार —

बू सातियाह येतील. शेतावर जाताना. येतीलच. बायकांचे आवाज येतायत वाटेवरून, टोपल्यांचे.

आल्या. फाटकाची कडी वाजली. त्या बाहेरूनच विचारतायत, वेनिंग, बरी आहेस ना? मी दाराला मूठ आपटली, दोनदा, पण इतकी हळू —

आणि आतून, निजायच्या खोलीतून, जिथे कुणी नाही, माझाच आवाज. खणखणीत. हसरा.

बरी आहे, बू.

त्या बरं म्हणाल्या. कडी परत लावली. टोपल्या पुढे चालल्या —

पावलं. आतल्या खोलीतून. ती अर्धं मिनिट थांबली, आणि आता