सोळाव्या ओळीचं नाव

२० फेब्रुवारी, गुरुवार
गुडघा दुखतोय, तरी वाडीला जाऊन आले. सांगली, तासगाव, विटा, तिथून वडापची जीप. तासगावच्या पुढे बेदाण्याच्या शेडच शेड. सुभेदार दत्ताजी घाडगे फाट्यावर उभे होते, सांगितलेल्या वेळेच्या आधीपासून. निवृत्तीला बारा वर्षं झाली, शर्टाची इस्त्री मात्र अजून पलटणीतली.

काम असं. गावात नवा स्मृतिदगड बसवायचाय. काळा ग्रॅनाइट. पहिल्या महायुद्धाचा जुना संगमरवरी दगड चावडीच्या भिंतीत आहे. इंग्रजीत लिहिलंय, इतके गेले, इतके परत आले नाहीत. नाव एकाचंही नाही. सुभेदारांना नव्या दगडावर नावंच हवीत. यादी मी तपासायची, मजकूर मी लिहायचा. पाडव्याला अनावरण, म्हणजे दगडवाल्याकडे वीस मार्चला शेवटचा कागद.

चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या मुदती पाळल्या. दर वेळी म्हणते, ही शेवटची.

२१ फेब्रु.
यादी वाचली. दुसऱ्या युद्धातून न परतलेले सोळा. सोळावा गणपत घाडगे, इटलीत पडला. सुभेदारांच्या आजोबांचा थोरला भाऊ. वय १९, लग्न नव्हतं. इटलीतल्या स्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव आहे, त्या नावाचा फोटो सुभेदारांनी लॅमिनेट करून ठेवलाय.
फोनवर विचारलं, घरचं नाव शेवटी का?
"घरचं मानूस शेवटी जेवतं, मॅडम."

२४ फेब्रु., सोमवार
मजकुरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा भाग अडलाय. वाडीतले चौघं निळी टोपी घालून परदेशात जाऊन आले. सुभेदार स्वतः काँगोत होते. चौघंही जिवंत. नावं घ्यायची का? सुभेदार म्हणाले, जित्या माणसाचं नाव दगडावर नको. एकच ओळ घातली: 'या गावचे जवान परमुलखांत शांतता राखण्यासाठी उभे राहिले.' त्यांनी त्यात 'शौर्याने' आणि 'प्राणपणाने' घातलं होतं. दोन्ही काढलं. रागावतील असं वाटलं. नाही रागावले.
"उभंच ऱ्हायलो आमी. बरोबर हाय."

२७ फेब्रु.
परत वाडी. घाडग्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गणपतची सात पत्रं. सेन्सॉरचे शिक्के. अक्षर एका हातचं नाही, ज्याला येतं त्याच्याकडून लिहून घेतलेली असणार. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार', मग थंडी, चिखल, 'इकडे डोंगर आपल्यासारखेच, पण हिरवे'. आणि प्रत्येक पत्रात मेंढरं. काळी व्याली का. कोकरं किती जगली. पाऊस नसेल तर विहिरीवरच्या डोणीत पाणी सोडता ना.

"तुमच्याकडे मेंढरं होती?"
"छ्या! आमच्यात कवाच न्हाई. बैलं हुती."
"मग हा मेंढरांची चौकशी का करतोय?"
"गावाची काळजी आसंल." असं म्हणून त्यांनी पत्रांच्या घड्या पूर्ववत घातल्या.

परतताना त्यांची विहीर लागली. काठावर लांब दगडी डोण, मेंढरं पीत होती. कुणाची? "लवट्यांची. धनगर वस्तीवरची. त्येंचीच येत्यात फकस्त. आजा सांगून गेलाय, त्येंना आडवायचं न्हाई."
का, हे आजोबांनी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

मजकुरात न बसणारी गोष्ट दिसली की डेस्कवर पेन्सिलीनं गोल करायचो. आज दोन गोल झाले. ते न करता घरी येता आलं असतं तर बरं होतं.

२ मार्च, रविवार
सुभेदारांच्या आईला भेटले. काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या, कान शाबूत. देवघर दाखवलं. जोतिबा, खंडोबा, देवीचे चांदीच्या पत्र्यावरचे टाक. सहज विचारलं, गणपतरावांचा टाक कुठला? या भागात बिनलग्नाचा, अवेळी गेलेला माणूस घरचा वीर होतो. त्याचा टाक देवात बसवतात, धुळवडीला ओढ्यावर न्हाऊ घालून वाजतगाजत आणतात. लढाईत गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा वीर नाही, असं घर मला माहीत नाही.
"आमच्यात वीर न्हाई," काकू म्हणाल्या.
"अहो, पण गणपतराव?"
"सासऱ्यांनी बसवूच दिला न्हाई. नवी नवरी हुते तवा मी इचारलं. म्हनले, जित्या मान्साचा टाक आसतो व्हय?"
मग चहा ठेवते म्हणून उठल्या आणि बराच वेळ आलेच नाहीत.

६ मार्च, गुरुवार
सकाळी साताऱ्याहून जुन्या भरतीच्या नोंदीची नक्कल मिळवली. गणपत घाडगे, मराठा, धंदा शेती. तेव्हा जात बघून कंपनी ठरायची, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर जाणारे निघत, हे आमच्या पिढीनं म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं.
दुपारी वाडीची शाळा. जुनं रजिस्टर. त्या घाडग्यांचा एकच मुलगा शाळेत होता, गणपत. धाकटा बाबू नावाचा कुणी नाहीच. सुभेदारांचे आजोबा ज्यांना सगळं गाव बाबूआण्णा म्हणायचं, ते...
दमले. उद्या लिहीन.

७ मार्च
ते वाक्य पुरं करते. बाबूआण्णा म्हणजेच गणपत. तो कधी गेलाच नाही. काकूंना 'जित्या मान्साचा टाक' म्हणाला, तो स्वतःबद्दलच. त्याचं नाव घेऊन दुसरा गेला आणि मेला. मग हा स्वतःचा धाकटा भाऊ होऊन सत्तर वर्षं जगला.

१० मार्च, सोमवार
लवटेवस्ती. सुगलाआजी, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या. दारात घोंगडं टाकून दिलं. मी आडून विचारायला सुरुवात केली, त्यांनी सरळ सांगितलं.
"आमचा बिरू. माझा थोरला भाऊ. मी सा वर्साची आसंन."
घाडग्यांनी भरतीच्या साहेबाला मुलगा देतो म्हणून शब्द दिला होता. मुलगा एकच. ऐनवेळी गणपतच्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिकडे दुष्काळ, लवट्यांची मेंढरं पाण्यावाचून मरत होती. दोन्ही बापांनी मिळून ठरवलं. बिरूनं गणपत व्हायचं, लवट्यांच्या मेंढरांना घाडग्यांच्या विहिरीवर पाणी, कायमचं.
"त्याला विचारलं का कुणी?"
"इचारत्यात व्हय, बाई? पर त्यो हासत गेला. बूट मिळनार म्हनून."
"इतकी वर्षं बोलला नाहीत."
"कुनाफुडं बोलायचं? पानी तोडलं आस्तं मंजी? आन् घाडग्यांनी शबुद पाळला की. आजून पाळत्यात."
देव्हाऱ्यात बिरूचा टाक होता. घासून घासून चेहरा गेलाय.
मी दगडाचं सांगितलं, नावाचं सांगितलं. आजींनी हात झटकला. "दगडावर काय लिवायचं त्ये लिवा. मला कुठं वाचाय येतंय! पत्रं आली हुती म्हनं त्याची. त्या घरला आली. आई दोनदा गेली इचाराय. वाचली तर मान्सं ऐकतील, म्हनून त्येंनी वाचलीच न्हाईत. तेवढी ऐकवता का?"

११ मार्च
सुभेदार सांगलीला आले. घरी बसवून सगळं सांगितलं, कागद पुढे ठेवले. शाळेचा दाखला त्यांनी दोनदा वाचला.
"भरतीला गेलो तवा साहेबानं इचारलं, घरात कोन फौजेत हुतं का? म्हनलं, एक इटलीत पडलाय. छाती फुगवून सांगितलं, मॅडम." मग, "माझा आजा घरात बसून ऱ्हायला, आसंच ना?"
मी कागद गोळा केले.
"छापू नका ह्ये."
"छापणारी मी नाही. कोरणारे तुम्ही आहात."
चहा तसाच ठेवून गेले. जाताना नेहमी 'जय हिंद' म्हणतात. आज नाही म्हणाले.
बातमी खरी निघाल्याचा आनंद व्हायचा एके काळी. आता नुसते पाय दुखतात.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
दुपारी सुभेदारांचा फोन. ओढ्यावरून बोलत होते, मागे हलगी.
"लवट्यांचा वीर न्हाताना बघितला. एवढी वर्सं त्या वाटंनं जातोय, कवा थांबलो न्हाई. टाकात घोड्यावर बशिवलाय, मॅडम. ढाल-तलवार. धनगराचं पोरगं, घोडं कवा बघितलं आसंल त्येनं!"
"आजी होत्या?"
"व्हत्या. मला गुलाल लावला."
हलगी लांब गेली. मला वाटलं फोन ठेवला. मग त्यांनी काँगोतलं सांगितलं, न विचारता. छावणीच्या गेटवर ड्यूटी. कार्ड बघून माणूस आत घ्यायचा. बाहेर गोळीबार. एक बाई आली, हातात बहिणीचं कार्ड. बहीण वाटेत गेलेली. ऑर्डर होती, कार्ड ज्याचं त्यालाच आत.
"मी ऑर्डर पाळली."
"मग?"
"मग काय? गेली ती परत रस्त्यानं. म्होरं काय झालं, म्हाईत न्हाई." मग म्हणाले, "बाई समोर हुती की हो, मॅडम. तिचं खोटं काय हुतं त्यात?"


१७ मार्च, सोमवार
सुभेदार स्वतः डोक्यावर ट्रंक घेऊन लवटेवस्तीवर आले. गाडी खाली उभी करून, चढ चढून. आजी म्हणाल्या, "आवं सुबेदार, वझं वाहायला लागलासा व्हय?" ते म्हणाले, "उशीरच झाला जरा." दोघं हसले. मला वाटलं होतं रडतील.

सातही पत्रं मी वाचली. आजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत गेल्या, तो समोर बसल्यासारखं.
'काळी व्याली का?'
"व्याली रं. जुळं झालं."
'डोणीत पाणी सोडतात ना?'
"सोडत्यात. काळजी करू नगं."
'वस्तीवरल्या म्हातारीस माझा नमस्कार सांगावा. तिचे गुडघे दुखतात, तिला थंडीत बाहेर निजू देऊ नये.'
त्या म्हातारीला, त्याच्या आईला, हा नमस्कार पोचलाच नव्हता.

सातवं संपलं. आजींनी विचारलं, "खाली नाव काय लिवलंय?"
मी सुभेदारांकडे बघितलं. मान खाली घालून बसले होते. "हाय त्ये वाचा," म्हणाले.
"आपला आज्ञाधारक पुत्र गणपत."
"समद्यांत त्येच?"
"सगळ्यांत."
आजी म्हणाल्या, "त्येला कुठं लिवाय येत हुतं! लिवनाऱ्यानं लिवलं." मग, "त्ये काळीचं पुन्यांदा वाचा की."
वाचलं.

१८ मार्च
सुभेदारांना तीन नमुने पाठवले.
एक: गणपत घाडगे.
दोन: बिरू लवटे.
तीन: बिरू लवटे, गणपत घाडगे या नावाने.
तिसरा खरा. पण एका ओळीत बसत नाही. दगडवाला म्हणतो, अक्षर बारीक करावं लागेल.
संध्याकाळी कळलं, कमिटीत गरमागरमी झाली. एक म्हणतो, इटलीतल्या भिंतीवर एक नाव आणि आपल्या दगडावर दुसरं, लोक हसतील. दुसरा म्हणतो, बाबूआण्णाची मेल्यावर बदनामी कशाला? सुभेदार बसून ऐकत होते म्हणे.

१९ मार्च
सुभेदारांचा फोन. "बारीक अक्षर नको, मॅडम. आजी बोट फिरवून बघंल, तिला लागलं पायजे."
"म्हणजे नमुना दोन?"
"मंजी आजाचं नाव कुठंच ऱ्हात न्हाई. जित्यापनी त्येनं स्वतःचं नाव वापरलं न्हाई, मेल्यावर मी पुसू?" मग म्हणाले, "आईला इचारतो. तिला समदं म्हाईत हुतं. आता तिनंच सांगू दे."

२० मार्च, गुरुवार
मुदत. सकाळपासून फोनजवळ. सुभेदार उचलत नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं, पहाटेच आईला घेऊन बाहेर पडलेत. कुठे, तर लवटेवस्तीच्या चढाकडं. काकूंना चढ झेपत नाही, खुर्चीत बसवून चौघांनी उचललीय. दोन म्हाताऱ्या काय बोलत असतील, कोण जाणे.

साडेपाचला दगडवाला. "पंधरा ओळी झाल्या, बाई. सोळावी सांगा. सहाला बंद करतो."
मी म्हटलं, सोळावी सोडा. जागा तेवढी ठेवा.
"अक्षरांत रंग भरायचाय मला आजच. मागाहून कोरलं तर त्या ओळीचा रंग जुळत नाही. नंतर घातलेली ओळ लांबून कळते."
चाळीस वर्षांत एकही मुदत चुकवली नव्हती.
म्हटलं, कळू दे.