छबीचं चोंदलेलं नाक

खंडाळा, गुरुवार, १६ जानेवारी १९६४

सकाळपासून छबीचं नाक गच्च चोंदलंय. दीड महिन्याचं लेकरू. भूक लागली की छातीला झोंबते, दोन घोट घेते, श्वास कोंडला की सोडून रडते. दूध प्यायचं की श्वास घ्यायचा, एवढ्याशा जिवाला हा कसला पेच! हे ड्यूटीवर, गाडी घेऊन पुण्याला गेलेले. विचारू कुणाला?

शेवटी दूध घालायला आलेल्या धोंडामावशींना थांबवलं. म्हणाल्या, "तोंडानं दम घ्यायचं तिला अजून कुटं कळतंय? उभी धर."

त्यांच्या सांगण्यावरून उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याचा एकेक थेंब नाकपुड्यांत सोडला. छबी लालबुंद होऊन रडली. मीही रडले. मग ती शिंकली, थोडं मोकळं झालं, एका अंगाचं प्यायली. वाटलं, सुटलो दोघी. दिवेलागणीला मावशी पुन्हा डोकावल्या, तोवर नाक परत बंद. पुन्हा तेच, दोन घोट आणि सोडून रडणं.

"मावशी, आता काय?"

"आता वाट बघायची, बाय. मला बी दुसरं काय येत न्हाई."

त्या गेल्या. छबी माझ्या खांद्यावर, उपाशीच झोपलीय. उद्या पहिल्या गाडीनं लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेईन. तोवर तिचा श्वास ऐकत बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.