शाळाबाह्य मयुरी

१७ जून
आणली! मयुरीला आणलीच परत शाळेत. गेल्या वर्षी वर्गातला राकेश तिच्या आईला "झाडूवाली" म्हणाला, हिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला — आणि गिरधर सरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, हिलाच हाकललं. तेव्हापासून घरी. आई, द्रौपदाबाई, नरडाण्याच्या कंपनीत झाडू मारते. अक्षरओळख नाही. मला तिच्या अहिराणीत म्हणाली, "मॅडम, मनी पोर वाईट नई शे." मी म्हटलं, चावली नाही तर बरीच आहे.

गिरधर सरांची अट — पुन्हा चावली की आईला बोलावायचं आणि पोर तिच्या ताब्यात द्यायची. कबूल केलं. मयुरीलाही बजावलं.

१८ जून
झोकात स्वागत केलं. गुलाबाचं फूल, मागे फलक — "शाळाबाह्य मयुरीचे सहर्ष स्वागत". मजकूर माझा, अक्षरही माझंच. फोटोची एक प्रत द्रौपदाबाईला दिली. बाईनं कपाळाला लावली!

२४ जून
वर्गानं तिला नाव ठेवलं — शाळाबाह्य. "ए शाळाबाह्य, खडू आण!" मी ओरडले, पण हसू दाबत. कार्टी डोकेबाज आहेत, खोटं कशाला बोलू.

११ जुलै
राकेशनं तिच्या डब्यावर मार्करनं तेच लिहिलं. म्हटलं, आता चावते! नाही. नुसती ओढणीनं पुसत बसली. गिरधर सरांना मुद्दाम ऐकवलं — बघा, कशी वठणीवर आणली!

१३ ऑगस्ट
परवा झेंडावंदनाला मायलेकींचा सत्कार करायचा ठरवलंय. तर मयुरी रडायलाच लागली. "आईला नका बोलावू, मॅडम. पाया पडते." आईची लाज वाटते महाराणीला! चांगली झापली. द्रौपदाबाईला मीच फोन केला.

१५ ऑगस्ट
द्रौपदाबाई नवं पातळ नेसून आली. मैदान भरलेलं. हातात माईक दिला.

"मी मयुरीनी माय. मनी पोर शाळाबाह्य शे! बठ्ठा गावले सांगी दिधं मी!"

मैदान फुटलं हसून. तिला वाटत होतं ती पदवी आहे, म्हणून साऱ्या गावाला सांगितलेलं! फोटो चौकटीत घालून दारावर लावलाय म्हणे. गिरधर सर डोळे पुसत होते. मीही हसले. आवरलंच नाही. तेवढ्यात राकेश ओरडला, "ओ मावशी, शाळाबाह्य म्हणजे शाळेतून हाकललेली!"

ती माईक धरून तशीच उभी. शेवटी शिपायानं काढून घेतला.

१८ ऑगस्ट
मयुरी आली नाही. घरी गेले. दारावर नुसता खिळा. द्रौपदाबाई आत, पाठ करून बसलेली. मयुरी उंबऱ्यात आली, हळूच बोलली —

"राकेशला चावणारच होते, मॅडम. पण मग तुम्ही आईला शाळेत बोलावलं असतं. तिला अर्थ कळला असता."