बोटाला येतं, डोळ्याला येत नाही

१९ फेब्रु. ५८. वर्धा, दवाखाना
हात चालतो. उजवा पंजा अजून जड आहे, पण पेन धरवतं. डॉ. म्हणाले रोज चार ओळी लिहा, म्हणून ही वही. लकवा मारून आज अकरा दिवस. शाळेत फळ्यावर लिहिताना आधी खडू पडला, मागोमाग मी. पहिलीची पोरं हसली म्हणे, मास्तर गंमत करून राह्यले.

उजवीकडचं अर्धं दिसत नाही. ताटात त्या बाजूची भाजी तशीच राहते. भा. मुकाट्यानं ताट फिरवून देते. लग्नाला सोळा वर्षं झाली, एवढी काळजी आताच का, असं विचारलं तर म्हणाली, "तुमी आताच तं घरच्या माणसाले सापडले."

२१ फेब्रु.
शेजारच्या खाटेवरचा पेपर मागून घेतला. तेलुगू निघाला. परत दिला, म्हटलं मराठी असला तर द्या. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.
मराठीच होता.

डॉ. ना सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला, नाव-गाव लिहा. झरझर लिहिलं. मु. रोहणा, ता. आर्वी, प्राथमिक शिक्षक, इयत्ता पहिली. अक्षर छान आहे म्हणाले. थोड्या वेळानं तोच कागद माझ्यासमोर धरला. वाचा.
एक अक्षर लागलं नाही. माझंच अक्षर, शाई नीट वाळलेली नाही, आणि

(भा. नं चहा आणला. कुठं थांबलो होतो ते आता मला कळायचं नाही. पुढच्या ओळीवर जातो.)

२४ फेब्रु.
डॉ. माझ्यावर भलतेच खूश आहेत. रोज नवीन काहीतरी दाखवतात. किल्ली ओळखली, कंदील ओळखला, भा. ला तर ओळखलंच. आकडे वाचले, सगळे. फक्त अक्षर दिसलं की पाटी कोरी. असा रोगी पुस्तकात वाचला होता, समोर आज पाहतोय म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही वाचला तरी, मला तेवढंही जमत नाही. खूप हसले.

मग समजावून सांगितलं. डोळा शाबूत आहे. अक्षरांचं घरही शाबूत आहे, म्हणून तर लिहिता येतं. मधली वाट तेवढी वाहून गेली. ऐकताना भीती वाटायला हवी होती. वाटलं नवल. एवढ्याशा डोक्यात वाचायची वाट वेगळी, लिहायची वेगळी, आकड्यांची तिसरीच. अठरा वर्षं पोरांच्या डोक्यावर टपल्या मारल्या, आत एवढी व्यवस्था असेल असं मनात आलं नाही.

वाट परत बांधली जाईल का? डॉ. नी खांदे उडवले. खोटं बोलत नाहीत, हे त्यांचं आवडतं.

९ मार्च. रोहणा
घरी आलो. सगळी वस्ती भेटून गेली. हात कमजोर आहे आणि एका बाजूचं दिसत नाही, एवढं सांगितलं. बाकीचं गिळलं. भा. ला बजावलं, कुणापाशी बोलायचं नाही. ती म्हणाली, "काऊन? चोरी केली का तुमी?"

चोरी नाही. पण या वस्तीत वाचणारा पहिला माणूस मी. कोर्टाचा कागद, तलाठ्याची नोटीस, नागपूरच्या गिरणीतल्या पोरांची पत्रं, सगळं माझ्या ओट्यावर येतं. आणि जूनमध्ये डॉ. चा दाखला नेल्याशिवाय शाळा हजर करून घेणार नाही. न वाचणारा मास्तर म्हणजे काय हो?

८ एप्रिल
सखूमाय पत्र घेऊन आली. भा. विहिरीवर गेलेली. माय म्हणाली, "शंकरचं हाय. वाच बरं, मास्तर." माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, मला उघडं फिरताना पाहिलेली बाई. नाही म्हणवलं नाही.

पत्र डोळ्यासमोर धरलं. शंकरची सगळी पत्रं मीच वाचत आलो, सारखीच असतात. तर तसंच म्हटलं. ती. मायीस शंकरचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळव. सून-लेकरू बरी आहेत. उन्हात फिरू नको. शेवटचं तर मी पदरचं घातलं.
सखूमाय खूश होऊन गेली.
मधे कुठंतरी १३ दिसला होता. आकडा आहे, म्हणून दिसला. काय असेल ते असेल.

१३ एप्रिल
शंकर आला. संध्याकाळी, पायी, डोक्यावर ट्रंक. मागे बायको, पाच महिन्यांचं लेकरू पदराखाली. पत्रात लिहिलं होतं, रविवारी १३ तारखेला पुलगावला उतरतो, बैलगाडी पाठव. दुपारपर्यंत टेशनावर वाट पाहिली. मग निघाले. या उन्हात.
लेकरू तापलंय.

१४ एप्रिल
सकाळीच गेलो. लेकराचा ताप उतरला होता. सांगून टाकलं, सगळं. मला अक्षर लागत नाही, त्या दिवशी मी वाचलं नाही, मनानं बोललो.

शंकर खाली बघत राहिला. सखूमाय म्हणाली, "दिसत नाई तं सांगाचं नाई का? हेडमास्तराकडून वाचून घेतलं असतं मी. मले काय लाज हाय? मले तं जनमभर येत नाई वाचता." मग आत गेली. मी निघालो तरी बाहेर आली नाही.
तिला येत नाही त्याची तिला लाज नाही. मला येत नाही म्हणून मी तिच्या नातवाला उन्हात चालवलं.

१९ एप्रिल
आज एक झालं. नीट लिहितो.

वस्तीतल्या मोठ्या माणसांचा वर्ग मी घेत होतो तो बंद पडला, पण भा. नं तिचं सोडलं नाही. चुलीतली राख ताटात पसरते आणि बोटानं अक्षरं काढते. दुपारी ताट माझ्यापुढे सरकवलं. "हे बरोबर हाय का?" विसरलीच. मी नुसता बघत बसलो. राखेत वेटोळं, बस्स. तिला उमगलं तशी ताट ओढायला लागली आणि ते धरायला गेलो तर माझं बोट राखेतल्या खोबणीत पडलं. पडलं ते फिरलं. वरून खाली, गाठ, आडवं, दांडी.
म.
तोंडातून निघून गेलं. डोळ्यानं नाही, बोटानं सांगितलं.

भा. नं पुसून दुसरं काढलं. डोळे मिटून बोट फिरवलं. ग. मग ल. मग तिचं नाव, तिनं कसंबसं काढलेलं, भ चुकलेला. चुकलाय हेसुद्धा बोटालाच कळलं. मी रडलो. ती रडली नाही, आणखी राख आणायला उठली. या बाईला काय म्हणावं मला समजत नाही. जिनं अक्षर कालपरवा उचललं, ती मला अक्षर देतेय.

२० एप्रिल
बोटाला कुठून येतं, याचा विचार करत होतो. लहानपणी मला शाळेच्या ओसरीवर बसू देत नसत. खाली अंगणात, पाटीही नाही. आत गुरुजी जे काढत ते मी मातीत बोटानं काढायचो. आतली पोरं डोळ्यानं शिकली, मी मातीनं. त्या गुरुजींचा राग आयुष्यभर बाळगला, आजही आहे, सोडणार नाही. पण डोकं बघा. त्यानं ती माती टाकून दिली नाही. चाळीस वर्षं कुठंतरी ठेवून दिली होती.

२२ एप्रिल
शाईचं अक्षरही लागतं, बोट वरून फिरवलं तर. या वहीचं मागचं पान काढलं. तारीख आकड्यांनी सापडली. बराच वेळ घालून मधली एकच ओळ वाचली.
सखूमाय खूश होऊन गेली.
वाचता यायला लागल्यावर पहिलं वाचलेलं वाक्य हे.

२९ एप्रिल. वर्धा
डॉ. ना दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, स्वतः डोळे मिटून बोटानं अक्षर लागतं का बघितलं. त्यांना लागलं नाही. मला गंमत वाटली. भा. ला त्यांनी उभं राहून नमस्कार केला, ती दाराआड झाली.

दाखल्याचं विचारलं. म्हणाले, "जूनमध्ये या. एक पान वाचायला लावीन. वर्ग चालवण्याएवढं वाचलं तर लिहीन, नाही तर नाही." आज पानाला दोन तास लागतात.

३ मे
बुद्धपौर्णिमा. वस्तीत सगळे जमले. गेल्या वर्षीप्रमाणे वंदनेचं पुस्तक माझ्या हातात. त्यातलं अर्धं मला तोंडपाठ आहे. पुस्तक धरून म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.
उठून सांगितलं. मला डोळ्यानं वाचता येत नाही, बोटानं येतं, फार हळू. पाठ आहे ते पाठ म्हणूनच म्हणतो. पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हटलं.
सखूमाय मागे बसली होती. नातू मांडीवर. माझ्याकडे बघत नव्हती.

११ मे
रोज सराव. पान दीड तासावर आलं. शब्दाचं पहिलं अक्षर लागलं की पुढचं मन सांगायला धावतं. त्याला अडवावं लागतं, तेच अवघड. एकदा सवय लागली मनानं बोलायची.

१६ मे
दुपारी सखूमाय आली. महिन्यानं. शंकर नागपूरला परत गेला, त्याचं पत्र. माझ्या गुडघ्यावर ठेवलं.

म्हटलं, "माय, लई वेळ लागते. हेडमास्तराकडे जा नं."
"लागू दे. मले कुठं जाचं हाय?" भिंतीला टेकून बसली.

बोट ठेवलं. सरावाचं पान छापील, शंकरचं अक्षर गिचमिड, त्याला कितीतरी जास्त वेळ. ती. मायीस. शंकरचा. नमस्कार. इकडे. सर्व. इथं पुढचा शब्द तोंडात येऊन बसला. माहीत होता. दात आवळले आणि बोट फिरवलं. ख. उकार. श. काना. ल.
खुशाल.
तेच होतं. पण या वेळी ते त्यानं लिहिलेलं होतं.

माय म्हणाली, "बरं. फुडं?"

ऊन उतरेपर्यंत चार ओळी झाल्या. नातवाला दात येतोय. पंजा दुखायला लागला तशी तीच उठली. पत्र तिच्यापुढे धरलं, तर घेतलं नाही. "राहू दे तुयापाशी. होईन तवा सांगजो."

भा. नं पत्र फडताळात ठेवलं. सहा ओळी राहिल्या आहेत.