फी कमिटीचे अकरा दगड

मु. लोणावळे, ता. १८ मे १९३२

सोमाटण्याचे माझे बालमित्र महिपती यांस बंगल्यावरून बद्रुद्दीनचा सलाम पोचावा. मी आणि रोशनबी उभयतां खुशाल आहोत, पण तुझ्या गुडघ्याची काळजी लागून राहिली आहे. निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता, तो बांधलास का? (नसशीलच. चौथीत मास्तरांचंही तू कधी ऐकलं नाहीस.) नंदावहिनींना सलाम सांग. तुझं कार्ड मिळालं. भाताचा भाव बसला, म्हणून सोमवारी पुण्याला जाऊन सोपानचं नाव कॉलेजातून काढणार, शेवटचं वर्ष राहिलं तर राहिलं, असं तू लिहिलंस. मुलगा तुझा, भात तुझा. त्यात मी पडणार नाही. मी आपली इकडची हकीकत कळवतो.

गेल्या आठवड्यात शेठजींची तार आली की बंगल्यावर पाच विद्वान उतरणार, खोल्या झाडून ठेव. सरकारनं कॉलेजांची ग्रँट कापली आहे, तेव्हा मुलांची फी वाढवावी की आहे तशीच ठेवावी, हे ठरवायला नेमलेली ही कमिटी. पुण्यात विचार करायला उकाडा फार, म्हणून इकडे आली. आचारी त्यांनी बरोबर आणला होता, तेव्हा मला वाटलं आपण सुटलो. पण मे महिन्यातला दरीवरचा वारा तुला माहीत आहे. पहिल्याच दिवशी ग्रँटचा तीन वर्षांचा हिशेब व्हरांड्यातून उडाला आणि फणसावर जाऊन बसला. मी चढून काढला. अध्यक्षांनी (पेन्शनीत निघालेले जज्ज, आवाज इतका हळू की कावळेसुद्धा गप्प बसून ऐकत) मला सांगितलं, तुम्ही आता इथून हलू नका. मग मी ओढ्यातून अकरा गुळगुळीत दगड आणले, अकरा ढिगांवर ठेवले, आणि ज्यांना जो कागद लागेल त्यावरचा दगड उचलायचा, परत ठेवायचा, या कामावर चार दिवस उभा राहिलो. सरकारनं मला एवढ्या जवळ कधी येऊ दिलं नव्हतं.

महिपती, काय माणसं ती! फी वाढवू नये, की 'तूर्त' वाढवू नये, यावर दीड दिवस बोलली. आपल्याकडं बांधावरून कुणी एवढा वेळ भांडलं असतं तर डोकी फुटली असती. इथं कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही. मी दगड छातीशी धरून ऐकत होतो आणि अंगावर काटा येत होता. त्यांतले एक जण ग्रहांची अंतरं तोंडपाठ सांगत. (त्यांना न्हाणीघराची कडी आतून उघडता येईना. मी आणि आचाऱ्यानं खिडकीतून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी राहिलेलं वाक्य पुरं केलं.)

तिसऱ्या दिवशी शास्त्राच्या प्रोफेसरांनी पेटीतून एक पितळी दुर्बीण काढली, पण ती लांबचं दाखवणारी नव्हे, बारीक दाखवणारी. चाळीस मुलांत ही एकच, तीही वीस वर्षांची, फी वाढल्याशिवाय दुसरी येणार कुठून, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांचं बघून झाल्यावर मला म्हणाले, दगडवाले, तुम्हीही बघा. आपल्या मागच्या हौदातला पाण्याचा एक थेंब होता. त्यात अख्खं गाव होतं रे! कुणी येतंय, कुणी जातंय, एकाला तर शेपूट होती आणि त्याला कसली तरी फार घाई होती. मला डोळा काढवेना. माझ्या खांद्यावर बसून ज्यानं पोळ्याचे बैल पाहिले, तो आपला सोपान हे रोज बघतो, हे मनात आलं. आजवर मला वाटायचं सरकार नुसतं घेतं. ते असल्या कामाला पैसे घालतं, हे त्या दिवशी कळलं. (तेव्हापासून रोशनबी पाणी दोनदा उकळते आणि मी पिण्याआधी बिस्मिल्ला जरा मोठ्यानं म्हणतो.)

चौथ्या दिवशी मुंबईचे सभासद म्हणाले, गेली तीन वर्षं फी एक आणाही वाढलेली नाही, पालकांवर भार पडलाय कुठं? तेव्हा आता वाढवू या. सगळ्यांना ते पटलं. अध्यक्षांनी सहीसाठी मसुदा मागितला. मी दगड उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाढली न्हाई कशी, सायेब? दुप्पट झाली की!" बोलता बोलता हात वर गेले आणि मसुदा दरीत गेला.

आता गप्प बसून उपयोग नव्हता. बंगल्याचा तांदूळ दरसाल तुझ्याकडून मीच आणतो, भाव मला ठाऊक. सांगितलं, पोरगं पहिल्या वर्षाला गेलं तवा फीला पाच पोती आंबेमोहर विकावा लागला, औंदा त्याच फीला धा लागतात. "फी हाय तितंच हाय, सायेब, भात खाली गेला. तुमी रुपये बघता, आमी पोती बघतो." ग्रहवाल्यांनी कागदावर भागाकार केला आणि म्हणाले, बरोबर आहे. एवढी शिकलेली माणसं माझ्या बोलण्यावर विचार करत बसली, महिपती! मी दगड हातात घेऊन तिथंच उभा होतो. अध्यक्षांनी मला दोन-चार गोष्टी विचारून वहीत लिहून घेतल्या आणि नवा मसुदा केला. फी आहे तशीच ठेवावी, आणि कापलेली ग्रँट सरकारनं परत द्यावी. 'तूर्त' शब्द गाळला. त्यावरचा दगड मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

असो. गुडघ्याला पाला बांध.

तुझा
बद्रुद्दीन

ता. क. आनंदानं उडी मारू नकोस. कमिटी नुसती शिफारस करते. सरकार त्यावर विचार करायला बहुधा दुसरी कमिटी नेमील, आणि तीही उन्हाळ्यात इथंच येईल. दगड धुऊन ठेवले आहेत.

दुसरा ता. क. अध्यक्षांनी काय विचारलं, ते लिहायचं राहिलं. कॉलेजात कोण आहे तुमचं, म्हणाले. मी म्हणालो, मुलगा. नाव काय? सोपान. त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं, लिहिलेल्या नावाकडे पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही. वहीत 'विद्यार्थी सोपान, वडील बद्रुद्दीन' असं पक्क्या शाईनं लिहिलं आहे. रोशनबीला सांगितलं, तर ती किती तरी वेळ चुलीकडे तोंड करून बसली.

तिसरा ता. क. दहांतली जी पोती कमी पडतील ती आमच्या मळवलीच्या तुकड्यातून घे. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? आणि सोमवारी पुण्याला जाऊ नकोस, उगाच खेप पडेल. कॉलेजातून नाव काढायला बापाची सही लागते. सरकारच्या वहीत बाप मी आहे, आणि मी सही देणार नाही.