तोलाजीची सावली

उज्जैन,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशा,

सप्रेम नमस्कार. माईचे तुला आणि वहिनींना आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुझ्या फोनमधल्या, मेसेज मोठ्याने वाचणाऱ्या त्या यांत्रिक बाईने वाचलं असतं, आणि ती मराठी अशी वाचते की जणू स्टेशनवर गाडी दोन नंबरवर येतेय, हे तुझंच म्हणणं. शिवाय हे पत्र मंगलावहिनींनीच वाचून दाखवायला हवं आहे. का ते पुढे येईल.

इकडे ठीक. थंडी पडल्यापासून माईचा गुडघा कुरकुरतोय. सिंहस्थाच्या तयारीत देवास गेटपासून फ्रीगंजपर्यंत कुठे ना कुठे खोदलेलं असतंच, त्यामुळे स्कूटरवर ऑफिसला पोचायला मला पाऊण तास लागतो. काल तुझ्या शाळेवरून गेलो. गेटवर तुझ्या वर्गातली दोन पोरं भेटली. सर कधी येणार, असं विचारत होती. मी सांगितलं, येतील लवकर.

आपल्या वाचकमंडळाच्या ग्रुपवर अजून सिनेमावरून लढाई चालू आहे. वहिनींनी पुस्तक वाचलेलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. 'आठ वेशींचं नगर' ही कादंबरी तुझ्या वडिलांच्या कपाटात होती. आपण सातवीत असताना ती दोघांत मिळून वाचली, एक पान तू, एक पान मी. त्या नगराला आठ वेशी आणि प्रत्येक वेशीवर एक राखणदार. पाचव्या वेशीवर तोलाजी. तो येणाऱ्याची सावली तोलतो, सावली हलकी भरली तर आत सोडत नाही. जुई नावाच्या पोरीची सावली हलकी भरते, तेव्हा तोलाजी स्वतःची सावली काढून तिच्या पारड्यात टाकतो. ती आत जाते आणि तो जन्मभर बिनसावलीचा वेशीवर उभा राहतो. हे वाचून तू रडला होतास आणि मी तुला चिडवलं होतं.

आता त्या पुस्तकावर हिंदी सिनेमा आला आहे, आणि काढणारा तो प्रत्येक सिनेमात शिवणयंत्र घालणारा विक्षिप्त दिग्दर्शक. परागचं म्हणणं, या माणसाने पुस्तकाची वाट लावली. ऋताचं म्हणणं, पुस्तक कपाटात आहे तसंच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही, सिनेमा वेगळा बघा. ती सगळ्यांत लहान, पण कोणाला ऐकत नाही. काल परागने तिला साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तिने उलट सहा मिनिटांचा पाठवला.

आणि तुझं नाव कोणी काढत नाही. काढायला हवं होतं असं मला वाटतं. पण मी तरी कुठे काढलं.

यशा, दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी आपण दोघं सकाळचा शो बघायला गेलो, तिथून सांगायला हवं. नानाखेड्याच्या त्या थिएटरात जेमतेम पंधरा माणसं होती. तू म्हणालास, मागे बसू, म्हणजे तुला कानात बोलता येईल. डोळे पूर्ण गेल्यापासून तुझा हा पहिलाच सिनेमा होता. सुरुवातीचा अर्धा तास मी जे दिसेल ते सांगत होतो. मग ती चाळीस मिनिटं सुरू झाली, ज्यात कोणी एक शब्द बोलत नाही. तेव्हा तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "आता सगळं तुझ्यावर."

पाचवी वेस आली. तोलाजी आला. त्याला त्या दिग्दर्शकाने विदूषक केलाय. पोट सुटलेला, विजार सावरणारा. तो तराजू उचलतो, घसरून पडतो, तराजू मोडतो आणि जुई त्याच्या अंगावरून उडी मारून पुढे निघून जाते. सावली नाही, काही नाही. एक मिनिटाचं काम. बाजूला एक शिवणयंत्र आपोआप चालत असतं.

माणसं हसली. तू विचारलंस, का हसले? मी म्हणालो, जुई घसरली. मग तू विचारलंस, ही खडखड कसली? मी म्हणालो, तराजूची साखळी. आणि मग मी तुला पुस्तकातला प्रसंग सांगायला लागलो. तोलाजीने सावली कशी काढली, सदऱ्यासारखी डोक्यावरून. पारडं कसं खाली गेलं. त्याच्या पायाशी भर दुपारी काहीच कसं उरलं नाही. पडद्यावर तेव्हा दुसरंच चाललं होतं. पुढच्या तीन वेशीही मी तशाच सांगितल्या.

तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेर आल्यावर तू म्हणालास की या वेड्या दिग्दर्शकाने आपल्या पुस्तकाची लाज राखली.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं, असं मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. बाकी अर्धं असं की मला मजा येत होती. लहानपणापासून गोष्ट सांगणारा तू आणि ऐकणारा मी. त्या दिवशी तू ऐकत होतास. मी दोन-तीन गोष्टी तर पुस्तकात नसलेल्याही घातल्या आणि तू त्यांनाही मान डोलावलीस.

थिएटरच्या पायऱ्यांवरच तुला सांगून टाकता आलं असतं. चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण कचोरी खायला गेलो असतो. पण तू रविवारच्या सभेत बोलणार म्हणालास आणि मी म्हणालो, बढिया.

त्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू ऐकलंस तेवढंच. परागला वाटलं होतं तू त्याच्या बाजूने बोलशील. तू सिनेमाची बाजू घेतलीस. बिनकागद वीस मिनिटं, नेहमीसारखा, एक शब्द न अडखळता. तराजूच्या साखळीचा आवाज किती विचार करून वापरलाय हे तू सांगायला लागलास, तेव्हा मागे कोणीतरी हसलं आणि म्हणालं, "भिया, वो तो सिलाई मशीन थी." तरी तू थांबला नाहीस. सावलीपर्यंत आलास. तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. परागने खूप हळू सांगितलं की सर, तुम्ही पुस्तकातलं सांगताय, सिनेमात हे नाहीये.

तू हसलास. मी बसलो होतो त्या बाजूला तोंड वळवलंस आणि म्हणालास, "शैलू होता ना शेजारी. सांग रे यांना."

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

हे चार शब्द मी रोज ऐकतो. तुझा चेहरा काय झाला ते सगळ्यांनी पाहिलं. तू खुर्ची चाचपलीस, खाली बसलास आणि म्हणालास, माझीच काहीतरी गल्लत झाली असेल. ऋताने विषय बदलला. मी तुला घरी सोडलं तेव्हा वाटेत आपण रस्त्याच्या खोदकामाबद्दल बोललो.

आता जे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे. वहिनी, तुम्ही वाचताय. इथे थांबू नका, कृपा करून पुढेही मोठ्यानेच वाचा.

सभेनंतरच्या मंगळवारी तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, शैलेंद्र भाऊजी, यांचं हल्ली काही विसरल्यासारखं, मिसळल्यासारखं होतं का? तुम्हाला काय वाटतं? तेव्हाही मला एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. मी म्हणालो, थोडं होतं खरं, ताण असतो, एकदा दाखवून घेतलेलं बरं.

यशा, हे मी म्हणालो. तुझ्या बायकोला मी सांगितलं की तुझं डोकं तपासून घ्यावं.

काल वहिनींचा परत फोन आला. शुक्रवारी इंदूरला डॉक्टरांची वेळ घेतली आहे म्हणाल्या. तू शाळेत रजेचा अर्ज दिलास, वर्गात काही चुकीचं सांगेन अशी भीती वाटते म्हणून. आणि रोज सकाळी तू राणोजीपासून शिंद्यांची वंशावळ म्हणून दाखवतोस आणि त्यांना पुस्तक उघडून एकेक नाव तपासायला लावतोस. एकदाही चुकला नाहीस, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. वहिनी रडत होत्या. मी हो-हो म्हणत राहिलो. तुझे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते, त्यांनी वह्यांत ठेवलं ते तू डोक्यात ठेवलंस, असं तू गमतीने म्हणायचास. डोळे गेले तरी तुझी शाळा सुटली नाही ती त्या डोक्याच्या जोरावर. आणि त्याच डोक्यावरचा तुझा भरवसा मी काढून घेतला, कशासाठी, तर सभेत अकरा माणसांसमोर मला लाज वाटू नये म्हणून.

तुझी स्मृती ठणठणीत आहे. मी सांगितलेला सिनेमा तू शब्दन् शब्द लक्षात ठेवलास. पुस्तकात नसलेल्या त्या माझ्या दोन-तीन गोष्टीसुद्धा तू सभेत जशाच्या तशा सांगितल्यास, तेव्हाच मला उभं राहायला हवं होतं.

इंदूरला जायचं कारण नाही. येत्या रविवारी सभा आहे, तिथे मी हे सगळ्यांना सांगणार आहे. तू आलास किंवा नाही, तरी सांगणार. हे पत्र आज मी स्वतः तुझ्या दारात टाकून जातोय. बेल वाजवणार नाही.

माफी मागतो एवढं लिहून भागत नाही हे कळतं. तरी मागतो. वहिनींचीही.

शैलू


उज्जैन,
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशोधन,

नमस्कार. कालपासून तू वर्गावर रुजू झालास असं ऋताकडून कळलं. माईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली. तिला मी सगळं सांगितलंय. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

गुरुवारी वहिनींचा मेसेज आला होता, "इंदूर रद्द". एवढाच.

रविवारी तू येशील असं वाटलं नव्हतं. तू वहिनींचा हात धरून आलास आणि पहिल्या रांगेत बसलास. मी उभा राहिलो आणि थिएटरपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. मागे हसलेला तो माणूस मान खाली घालून बसला होता. मग तू उठलास. सभेकडे तोंड करून म्हणालास की शनिवारी ऋताला घेऊन हा सिनेमा पुन्हा पाहिला, तिने जे होतं ते सांगितलं. तोलाजी वाया घालवलाय, या बाबतीत पराग बरोबर आहे. पण शिवणयंत्र मूर्खपणाचं नाही, त्यावर बोलू. आणि अर्धा तास तू बोललास. पराग आणि ऋता दोघंही तुझ्याशी भांडले. तुझ्याशी पूर्वीसारखं भांडलं कोणीतरी, याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. माझं नाव तू एकदाही घेतलं नाहीस.

उतरताना मी जिन्यापाशी सवयीने हात पुढे केला. तुला तो दिसला नाही, पण मी तिथे आहे हे तुला कळलं होतं. तू कठड्याला धरून उतरलास. खाली पोचल्यावर थांबलास आणि म्हणालास, "शैलू, तू सांगितलास तो सिनेमा चांगला होता. वाईट असता तर मला माफ करता आलं असतं."

मी घरी येऊन खूप विचार केला. तू शेजारी बसून तुझ्या डोळ्यांचं काम माझ्याकडे दिलंस, आणि मी तुझ्यासाठी काय चांगलं ते तुला न विचारता ठरवलं. असं मी त्या एकाच दिवशी केलं नाही. गेली पाच वर्षं थोडं थोडं करतोय. दुकानदार तोंड वाकडं करतो, मी तुला सांगत नाही. लोक वळून बघतात, सांगत नाही. तू विचारतोस, मी कसा दिसतोय, आणि मी म्हणतो, एकदम बढिया.

तू बोलावलंस तर येईन. आपण होऊन येणार नाही, कारण मी आलो तर तू भिडेखातर दार उघडशील, आणि मला ते नको आहे. पण एक गोष्ट आजच लिहून पाठवतो. वहिनी, राग मानू नका, त्याला वाचून दाखवा. सभेला तू घालतोस त्या पांढऱ्या शर्टाच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली, हळदीचा मोठा डाग आहे. धुऊनही गेलेला नाही. दिवाळीच्या आधीपासून आहे. सगळ्यांना दिसतो. रविवारीही होता.

पाहिलं ते लिहिलं आहे.

शैलेंद्र