तीन काट्यांचा गळ

किलतारा, काउंटी मेयो, आयर्लंड
१२ मार्च १९९६

चि. डिम्फनास,

मॅलकीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. घरी मी आणि कुत्रा दोघेही खुशाल, त्यातला कुत्रा जरा जास्त.

बाई गं, आधी खुर्ची ओढ आणि बसून वाच. आपल्या फिंटनने भर सभेत बापाची अब्रू काढली! मच्छीमार क्लबाची वार्षिक सभा, अध्यक्षाच्या खुर्चीत मी. हिशेब झाले, चहा झाला, आणि हा शेवटच्या बाकावरून उठून म्हणतो की त्याला ठराव मांडायचाय. सॅमनसाठी कोळंबी लावताना तिहेरी गळ बंद करावा, फक्त एकेरी गळ वापरावा. मी ऐकतच राहिलो. ज्या पोराला मी चालायच्या आधी गळाची काठी धरायला शिकवलं, तो मला गळ शिकवणार!

कारणं काय, तर म्हणे तिहेरी गळ माशाच्या घशात रुततो, कल्ले फाटतात, सोडून दिलेला मासाही पुढच्या वळणावर मरतो. आणि काढायला फार वेळ लागतो. मी म्हणालो की बाबा रे, सॅमन कोळंबी तोंडात घेतो ती नवरीने घास घ्यावा तशी. एकच काटा असला तर बघता बघता थुंकून मोकळा होतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघं मिळून मासा धरतात, एकट्याचं ते काम नाही. सगळी सभा हसली. फादर गिलरॉयसुद्धा हसले, मग हसलो नाही असं दाखवायला खोकले.

हा मात्र हसला नाही. म्हणाला की अध्यक्षांनीच पहिला एकेरी गळ बांधावा. का, असं मी चारचौघांत विचारलं, तर मान खाली घालून गप्प. मी ठराव ऑक्टोबरच्या सभेवर ढकलला आणि घरी आलो. आता तो माझा उंबरा चढणार नाही आणि मी त्याचा. त्याची आई आज असती तर तिने काय केलं असतं कोण जाणे. बहुधा दोघांना उपाशी ठेवलं असतं.

कळावे. लोभ माझ्यावर ठेव, भाच्यावर नको.

तुझा,
मॅलकी

*

ग्लासगो
२ एप्रिल १९९६

ती. मॅलकीदादास,

डिम्फनाचा सा. न. आणि सोबत एक धपाटा. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खरंच हादरले. फिंटन आणि सभेत उठून बोलला? लहानपणी त्या पोराला दुकानात दूध मागायचीसुद्धा लाज वाटायची! म्हणून विचारते, असा मुलगा गावासमोर बापाविरुद्ध उगाच उभा राहील का? तू त्याला का म्हणून विचारलंस ते सभेत. घरी विचारलंस का? नाही विचारलंस. मला माहितीये, मी तुझ्याच घरात वाढलेय.

बाकी तुझ्या त्या तीन काट्यांचं कौतुक मला नको सांगूस. बाबांच्या टोपीला अडकलेला तिहेरी गळ आईने कात्रीने टोपी कापून काढला होता, तो दिवस मला आठवतो. टोपी गेली, गळ राहिला, आणि बाबा गळ वाचला म्हणून खूश!

आता दुसरं. तुझं अक्षर इतकं बारीक कधी झालं? ओळ सुरू होते तेव्हा वाटाण्याएवढं असतं, शेवटाला जाईपर्यंत मोहरी होते. कागद वाचवतोयस की आणखी काही? माझा सगळा जन्म रुग्णालयात नर्स म्हणून गेला, उगाच विचारत नाहीये. चहाचा कप हल्ली कुठल्या हाताने उचलतोस? फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, म्हणून लिहून विचारते. लिहून उत्तर दे.

तुझ्या सुनेला, ग्रॉन्याला, ऑगस्टात दिवस भरतील. निदान त्या वेळी तरी शहाण्यासारखा वाग.

काळजी करणारी, म्हणून जास्त बोलणारी,
डिम्फना

*

किलतारा
२५ ऑगस्ट १९९६

चि. डिम्फनास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लिहायचा कंटाळा येतो हल्ली.

फिंटनला मुलगी झाली. मला कुणी सांगितलं, तर पाववाल्या पॅडनबाईने! पाव पिशवीत घालता घालता म्हणाली की अभिनंदन आजोबा, आणि नाव ऐकून तर पावच हातातून पडला. नुआला ठेवलंय. आपल्या नुआलाचं, त्याच्या आईचं नाव. मला न विचारता. मी तसाच बाहेर आलो, उरलेले सुटे पैसे घ्यायचेसुद्धा विसरलो. मग गाडीत बराच वेळ बसून होतो.

सहा ऑक्टोबरला बाप्तिस्मा आहे म्हणे. ग्रॉन्या आली होती बोलवायला. पोरगी गुणाची आहे. मी सांगितलं की नवऱ्याने ठराव मागे घ्यावा, मग बघू. ती काही बोलायला गेली आणि थांबली. या घरात हल्ली सगळेच बोलायला जातात आणि थांबतात.

कपाचं विचारलंस. कप कानाला धरून उचलतो, जगातले सगळे उचलतात तसा.

नदीला पाणी छान आहे. पाऊस झाला की मासे वर चढतील. माझी कोळंबी उकडून, रंगवून तयार आहे आणि गळ तिहेरीच आहे. कळावे, आणि कपाचा विषय पुरे.

मॅलकी

*

किलतारा
३० सप्टेंबर १९९६

ती. डिम्फनाआत्यास,

फिंटनचा शि. सा. न. वि. वि. आधी हे वाच की बाबा जिवंत आहेत, मीही आहे. आता पुढचं.

काल रविवार. मी चर्चमध्ये मिस्सेला असेन म्हणून बाबा मिस्सा चुकवून नदीवर गेले. आणि ते जातील हे ठाऊक असल्यामुळे मीही मिस्सा चुकवली. मी पुलावर होतो. आत्या, कुणाला सांगू नकोस, पण गेल्या वर्षापासून ते एकटे नदीवर गेले की मी पुलावर जाऊन उभा राहतो. ते वर बघत नाहीत आणि मी हाक मारत नाही.

पुलाखालच्या डोहातच त्यांना मासा लागला. मादी होती, पोट अंड्यांनी टच्च. बाबांनी तिला छान दमवली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ काढायला हात घातला. त्यांना नीट धरता येईना. तिने एकच हिसडा दिला आणि मोकळा काटा त्यांच्या अंगठ्याच्या मुळात शिरला, अगदी आतपर्यंत. एक काटा तिच्या जबड्यात, दुसरा बाबांच्या हातात! तिने ओढलं की बाबा ओढले जायचे. ते गुडघ्यांवर पडले, मग छातीपर्यंत पाण्यात गेले. आत्या, मी पुलावरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. तोंडाने नुसतं येशू मारिया जोसेफ, येशू मारिया जोसेफ चाललं होतं.

मी ओरडून सांगितलं की खिशातला दांडका काढा आणि हाणा तिच्या डोक्यात. तर बाबा बुडता बुडता ओरडतात की सप्टेंबरात मादी मारायची नाही, क्लबाचा नियम आहे! सहा महिन्यांनी बाप माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते हे. मी उजव्या हाताने तिची शेपटी धरली, डावा डोक्याखाली घातला, आणि तिने पुन्हा उसळी घेतली. तिसरा काटा माझ्या तळव्यात.

दोन क्षण आम्ही तिघं एकाच गळाला होतो. मग तिने जबडा सोडवला आणि गेली. मासा सुटला आणि आम्ही बापलेक अडकलो. पक्कड नदीत पडलेली. करणार काय? तसेच हातात हात धरून बांधावर आलो, बुटांत पाणी भरलेलं, आणि पूल ओलांडून गावात शिरलो तेव्हाच नेमकी मिस्सा सुटली. अख्ख्या गावाचा आ वासलेला! ईस्टरआधीच्या उपासकाळापासून एकमेकांचं तोंड न बघणारे मनेली घराण्यातले बापलेक हातात हात घालून चाललेत. फादर गिलरॉय म्हणाले की आजचं प्रवचन समेटावरच होतं, पण इतक्या तातडीने गुण येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांना रक्त दिसलं.

डॉक्टर रुआनबाई चर्चमधून धावत येऊन दवाखाना उघडेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. बाबांनी विचारलं की तू पुलावर काय करत होतास. मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. त्यांचा उजवा हात थरथरत होता. थंडीने नव्हे, नेहमीसारखाच. आणि त्याला जोडलेला माझा हातही त्याच तालावर थरथरत होता. ते बाबांनी पाहिलं. मी म्हणालो की मला माशांची काळजी होतीच, पण तेवढ्यासाठी मी सभेत उठलो नसतो. एक काटा तुम्ही हाताने काढू शकाल. तीन नाही. आणि हे गावासमोर कसं सांगायचं?

डॉक्टरांनी गळ कापून काढला, टाके घातले. बाबांच्या अंगठ्याची शीर दुखावली आहे, ग्लास धरता येईल, पण बारीक गाठ बांधणं कठीण. थरथरीचंही त्यांनी बघितलं. गॉलवेला मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं आहे.

आत्या, तू त्यांना लिही. माझं ऐकतील की नाही ठाऊक नाही. माया असू दे.

तुझा,
फिंटन

*

ग्लासगो
४ ऑक्टोबर १९९६

ती. मॅलकीदादास,

सा. न. वि. वि. धपाटा या वेळी नाही.

फिंटनचं पत्र मिळालं. छातीपर्यंत पाणी, अरे देवा! आणि तिथेही नियम सांगत होतास! मूर्खा, बाहत्तरीच्या म्हाताऱ्या, तू गेला असतास तर मी भांडायचं कुणाशी?

आता माझं ऐक. मोहरीएवढं अक्षर पाहिलं तेव्हाच मला शंका आली होती. कंपवात असावा. गॉलवेला जा, औषध आहे, बरंच बरं वाटतं. मी रुग्णालयात अशी कितीतरी माणसं पाहिली. आजाराने हात कमी आणि लपवण्याने जास्त आखडतात. दोन वर्षं तू हात खिशात घालून हिंडतोयस, आणि तुला वाटतं कुणाला दिसत नाही? तुझ्या पोराला दिसलं. त्याने ते गावाला सांगितलं नाही. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, तुझं हसणं सोसलं, पण तुझा हात झाकून ठेवला.

बाप्तिस्म्याला जा. नाही गेलास तर मी बोट पकडून येते आणि कान धरून नेते.

तुझीच,
डिम्फना

*

किलतारा
२० ऑक्टोबर १९९६

चि. डिम्फनास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. बोटीचे पैसे वाचले, गेलो होतो.

पट्टी बांधलेल्या हातात नातीला देऊ नका असं मी म्हणालो. फिंटनने दिलीच, आणि खालून स्वतःचा पट्टीचा हात लावून उभा राहिला. हात हलत होता तर बया पाळण्यात असल्यासारखी झोपून गेली. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मात्र असली किंचाळली की नुआलाचंच नाव शोभतं.

गॉलवेला गेलो. तू म्हणालीस तेच निघालं. गोळ्या सुरू आहेत.

काल क्लबाची सभा झाली. फिंटनचा ठराव पुन्हा आला. कारणं त्याने तीच सांगितली, घसा, कल्ले, मेलेले मासे. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. बाजूने मोजकेच हात वर झाले. बाकीचे माझ्याकडे बघत होते, म्हातारा आता काय विनोद करतो म्हणून. पवित्र आत्म्याची वाट बघत होते बेटे.

मी खिशातून उजवा हात काढला आणि वर केला. नुसता वर केला असता तर झालं असतं, पण हा कसला ऐकतोय, वर जाऊन थडथडायला लागला. पॅडनबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. जन्मभर ज्यांच्याबरोबर नदीत उभा राहिलो ते सगळे बघत होते. दोन वर्षं लपवलेला हात. वाटलं खाली घ्यावा. नाही घेतला. मग एकेक करून बाकीच्यांचेही हात वर गेले. मतं मोजून होईपर्यंत तसाच ठेवला, आणि फिंटन मोजत होता, त्याला मोजायला फार वेळ लागला. डोळे पुसायला मध्ये मध्ये थांबत होता गाढव.

ठराव पास झाला. पुढच्या मोसमात एकेरी गळ. गाठ फिंटन बांधून देणार आहे. मासा सुटला तर त्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडायची सोय झाली, हे बरंच झालं.

अक्षर मोहरीएवढंच आलंय. भिंग घे आणि वाच, आता मी लपवत नाही. लोभ आहेच, तो हातासारखा हलू देऊ नकोस.

तुझा,
मॅलकीदादा